स्नेह आणि मधुमेह

संस्कृतांत ‘स्नेह’ या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक प्रेम आणि दुसरा तेल-तूप. आपल्या स्वयंपाकघरांत हे दोन्ही अर्थ अद्याप एकत्र नांदत आहेत. वरणभातावर तूप वाढतांना हात आखडणें हें कृपणपणाचें लक्षण समजलें जातें. आणि जांवयाच्या पुरणपोळीवर तुपाची धार धरणाऱ्या सासूबाईंना यांपैकीं कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हें त्यांनाहि सांगतां यावयाचें नाहीं. परंतु अलीकडे या स्नेहाकडे संशयानें पाहण्याची रीत पडली आहे. घरांत कोणा एकाच्या रक्तांत साखर अधिक निघाली, कीं वादास तोंड फुटतें. एक म्हणतो, तूप अजिबात बंद करा. दुसरा म्हणतो, तूपच खरें, हीं डब्यांतील तेलें तेवढीं टाका. तिसरा खोबरेलाची महती गातो, तर चौथा करडईची. वाद तेलाच्या डब्याभोंवतीं फिरत राहतो, आणि ज्याच्यासाठीं तो चाललेला असतो, तो गृहस्थ मुकाट्यानें तिसऱ्यांदा भात वाढून घेत असतो.

हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचे जे निष्कर्ष सन २०२३ मध्यें प्रसिद्ध झाले, त्यांप्रमाणें या देशांत सुमारें १० कोटि १० लक्ष लोक मधुमेही आहेत, आणि १३ कोटि ६० लक्ष लोक त्या रोगाच्या उंबरठ्यावर उभे आहेत. मधुमेह हा साखरेचा रोग. त्यांत तेला-तुपाचें काय काम, अशी शंका प्रथम मनांत येते. तिचें उत्तर आपल्या पोटांतील एका इंद्रियाच्या अतिसूक्ष्म पेशींत दडलेलें आहे.

बेटांवरील कारागीर

जठराच्या मागें आडवें पसरलेलें स्वादुपिंड हें मुख्यतः पाचकरस तयार करणारें इंद्रिय होय. सन १८६९ मध्यें पाउल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्यानें सूक्ष्मदर्शकांतून पाहतांना त्यांत इतर भागांहून निराळे दिसणारे पेशींचे लहान लहान पुंजके हेरले. ते कशासाठीं आहेत, हें त्यास सांगतां आलें नाहीं. पुढें वीस वर्षांनीं, सन १८८९ मध्यें, स्ट्रासबुर्ग येथें मिंकोव्स्की व फॉन मेरिंग यांनीं एका कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें, तों त्यास मधुमेह जडला. तेव्हां या रोगाचें मूळ कोठें शोधावें हें कळलें. अखेर सन १९२१ मध्यें टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं स्वादुपिंडांतून तें द्रव्य वेगळें काढलें, आणि १९२२ च्या जानेवारींत चौदा वर्षांच्या एका मरणोन्मुख मुलाचे प्राण त्यानें वांचले. हेंच इन्सुलिन.

लांगरहान्सच्या नांवानें ओळखलीं जाणारीं हीं बेटें मनुष्याच्या स्वादुपिंडांत सुमारें दहा लक्ष असतात. तरी त्या सर्वांचें मिळून वजन संपूर्ण पिंडाच्या एक-दोन टक्क्यांपलीकडे जात नाहीं. त्यांतील ‘बीटा’ नांवाच्या पेशी इन्सुलिन घडवितात, सांठवितात आणि रक्तांत साखर वाढली कीं तें मोजून सोडतात. लहानपणीं होणाऱ्या मधुमेहांत बहुधा शरीराची संरक्षक यंत्रणाच या पेशींवर उलटते. त्याचा विचार येथें कर्तव्य नाहीं. प्रौढपणीं जडणाऱ्या मधुमेहांत मात्र बीटा पेशी वर्षानुवर्षें अधिकाधिक काम करून थकतात, आपलें काम विसरतात आणि शेवटीं कांहीं मरतात. त्या कां थकतात, या प्रश्नापाशीं स्नेहाचा संबंध येतो.

एका नांवाखालीं अनेक द्रव्यें

तेल असो वा तूप असो, त्याची फोड केली असतां त्यांतून मुख्यतः मेदाम्लें निघतात. शेव्रल या फ्रेंच रसायनज्ञानें याविषयींचा आपला ग्रंथ सन १८२३ मध्येंच प्रसिद्ध केला होता. व्युत्पत्तीची आवड असणारांस या आम्लांचीं नांवें मनोरंजक वाटतील. पाम म्हणजे ताडमाडाच्या कुळांतील वृक्ष, त्यावरून पामिटिक. लॅटिन भाषेंत तेलास ‘ओलेउम’ म्हणतात, त्यावरून ओलेइक. ‘लिनुम’ म्हणजे जवस, त्यावरून लिनोलेइक. आणि लॉरेल नांवाच्या झाडावरून लॉरिक.

हीं सर्व आम्लें म्हणजे कर्बाच्या अणूंच्या साखळ्या होत. लॉरिकची साखळी बारा अणूंची, पामिटिकची सोळांची, ओलेइक व लिनोलेइक यांची अठरांची. ज्या साखळीला हायड्रोजन पुरेपूर चिकटलेला असतो ती संपृक्त. ती काठीसारखी सरळ राहते, आणि अशा काठ्या एकमेकींस लागून बसल्या कीं तूप थिजतें. ज्या साखळींत एखादा दुहेरी सांधा असतो ती असंपृक्त. त्या सांध्यापाशीं ती वांकते, म्हणून तेल पातळ राहतें. पामिटिक व लॉरिक संपृक्त, ओलेइकला एक सांधा, लिनोलेइकला दोन.

आपल्या फडताळांतील कोणताहि स्नेह हा एकाच आम्लाचा नसतो. शेंगदाण्याच्या तेलांत सुमारें निम्मा भाग ओलेइकचा, तिसरा हिस्सा लिनोलेइकचा आणि दहावा हिस्सा पामिटिकचा असतो. तिळाच्या तेलांत ओलेइक व लिनोलेइक जवळजवळ समसमान. जुन्या जातींच्या करडईच्या तेलांत तीन चतुर्थांश लिनोलेइक. खोबरेलांत जवळजवळ निम्मा भाग लॉरिकचा. तुपांत पामिटिक पाव हिश्श्याहून थोडें अधिक, आणि ओलेइकहि सुमारें पाव. पाम तेलांत मात्र शेंकडा ४० हून अधिक पामिटिक असतें. गेलीं कित्येक वर्षें आपल्या देशांत बाहेरून येणाऱ्या खाद्यतेलांत या तेलाचाच भरणा मोठा आहे. तें आपण घरीं आणीत नसलों तरी बिस्किटांतून आणि विकतच्या फरसाणांतून घरीं येतेंच.

मित्र केव्हां आणि वैरी केव्हां

मेदाम्लें हीं बीटा पेशीचीं जन्मजात शत्रु नव्हेत. उपवासाच्या दिवशीं शरीर आपल्या सांठ्यांतील मेद मोडून रक्तांत मेदाम्लें सोडतें व त्यांवर निर्वाह करतें. अमेरिकेंतील डॅलस येथें सन १९९६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत उपाशी उंदरांच्या रक्तांतील मेदाम्लें औषधानें कमी केलीं, तेव्हां साखर दिली तरी त्यांच्या बीटा पेशी जाग्या होईनात. मेदाम्लें परत पुरविलीं तेव्हां त्या पूर्ववत् काम करूं लागल्या. अर्थात् उपवास सोडतांना इन्सुलिन वेळेवर सुटावें, यासाठीं या आम्लांची गरजच असते. पुढें सन २००३ मध्यें बीटा पेशींवर मेदाम्लांना ओळखणारें एक ग्राहक-स्थानहि सांपडलें. म्हणजे या पाहुण्यासाठीं निसर्गानें दाराशीं घंटा टांगून ठेविली आहे.

परंतु पाहुणा किती दिवस राहतो, यावर त्याचा आदर अवलंबून असतो. टोरोंटो येथील संशोधकांनीं सन १९९९ मध्यें निरोगी माणसांच्या रक्तांत मेदाम्लांचें प्रमाण प्रथम थोडा वेळ वाढवून पाहिलें, तेव्हां इन्सुलिन अधिक सुटलें. तेंच प्रमाण दोन दिवस चढें ठेविलें, तेव्हां ही वाढ नाहींशी झाली. डॅलस येथील अंगर यांनीं सन १९९४ मध्यें दाखविलें होतें, कीं मधुमेहाकडे झुकणाऱ्या लठ्ठ उंदरांच्या बेटांत रोग प्रकट होण्यापूर्वींच मेद सांठूं लागतो. ज्या पेशींचें काम सांठा करण्याचें नव्हे, तेथें मेद भरला म्हणजे तो विषासारखा बाधतो, असा त्यांचा सिद्धान्त.

याहून सूक्ष्म भेद त्झुरिक येथील प्रयोगांत दिसून आला. मनुष्याच्या स्वादुपिंडांतील बेटें कांचपात्रांत ठेवून त्यांना निरनिराळीं मेदाम्लें दिलीं. संपृक्त पामिटिकच्या सहवासांत बीटा पेशी मरूं लागल्या. एका सांध्याच्या असंपृक्त आम्लांनीं तसें झालें नाहीं. इतकेंच नव्हे तर ओलेइकसारखें आम्ल पामिटिकच्या जोडीनें दिलें असतां पामिटिकची बाधा टळली. हे निष्कर्ष सन २००३ मध्यें प्रसिद्ध झाले.

असें कां व्हावें? बीटा पेशींत इन्सुलिन प्रथम एका लांब दोऱ्याच्या रूपांत तयार होतें, आणि अंतर्द्रव्यजालिका नांवाच्या भागांत त्याची योग्य घडी बसते. त्या जालिकेचें आवरणहि मेदाम्लांचेंच बनलेलें असतें. त्यांत सरळ ताठ पामिटिक फार भरलें, कीं तें आवरण कडक होतें, घडी चुकते, आणि चुकलेल्या घड्यांचा ढीग फार वाढला म्हणजे पेशी स्वतःच आपला शेवट करून घेते. शिवाय पामिटिकपासून सेरामाइड नांवाचें द्रव्य बनतें, तेंहि पेशीस मारक असतें. उलट, ओलेइक हें मेदाच्या निरुपद्रवी थेंबांत सहज बांधलें जातें व बरोबर पामिटिकलाहि त्यांत ओढून घेतें. चाणाक्ष गृहिणी उरलेलें अन्न वेळीं झांकून ठेवते, सांडूं देत नाहीं, तसाच हा प्रकार आहे.

यांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. रक्तांत साखर बेतशीर असेल, तर बीटा पेशी आलेलें बरेंचसें मेदाम्ल आपल्या तंतुकणिकांत जाळून टाकते. साखर सतत चढलेली असेल, तर पेशी साखरच जाळीत बसते. मेदाम्लांना तंतुकणिकांचें दार बंद होतें आणि तीं आंत सांचून उपद्रव करूं लागतात. माँट्रियलचे प्रेंटकी आदि संशोधकांनीं हा विचार मांडला आहे. तात्पर्य, एकट्या स्नेहापेक्षां स्नेह आणि साखर यांची जोडी अधिक घातक. बालुशाही, जिलबी आणि गोड बिस्किटें यांत ती जोडी आयतीच जुळलेली असते.

तथापि कांचपात्र म्हणजे पान नव्हे. पात्रांत पेशींवर जें शुद्ध आम्ल ओततात, तें पोळीवरील तुपाच्या रूपानें तसेंच्या तसें बेटांपर्यंत पोंचत नाहीं. एक चहाचा चमचा, म्हणजे पांच ग्रॅम, तुपांत पामिटिक सव्वा ते दीड ग्रॅमच असतें. म्हणून अशा प्रयोगांवरून तुपाला फांशीं देणें जितकें उतावळेपणाचें, तितकेंच एखाद्या तेलाला अमृत ठरविणेंहि उतावळेपणाचें होय.

भातापासून मेद

पामिटिक हें केवळ बाहेरून येतें असें नाहीं. गरजेपेक्षां अधिक भात, पोळी, साखर, गूळ पोटांत गेला, आणि तो खर्च झाला नाहीं, तर आपलें यकृत त्या साखरेचा मेद बनवितें. आणि तें जें मेदाम्ल मुख्यत्वें घडवितें तें हेंच, सोळा अणूंचें पामिटिक! ज्यानें तूप सोडलें पण भाताचा डोंगर तसाच ठेविला, त्यानें पुढचें दार लावून मागचें उघडें टाकलें असेंच म्हणावें लागतें.

आमचें पनवेल पूर्वीपासून तांदुळाचें गांव. भातावांचून जेवण झालें असें येथें कोणास वाटत नाहीं, आणि वाटूंहि नये. चार पिढ्या भात खाऊनच शेतांत राबल्या, घाट चढल्या. परंतु त्या भाताच्या मागें जो घाम होता तो आतां उरला नाहीं. ज्या शिवारांतून मुलें पायीं शाळेंत येत, तेथें आज उंच इमारती आहेत. त्या इमारतींतून माणूस उद्वाहकानें उतरतो, गाडींत बसतो आणि कचेरींत पुन्हां बसतोच. पान मात्र आजोबांचें वाढलें जातें.

पुण्याची साक्ष

येथें कोणी म्हणेल, हें सर्व लठ्ठ माणसांसाठीं आहे. आमच्या घरांत सगळे सडपातळ. या समजुतीस जबर धक्का बसला तो परदेशांत नव्हे, आपल्या पुण्यांत. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं सन १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. तेथें जन्मलेलीं बाळें इंग्लंडांतील बाळांच्या मानानें बरींच हलकीं होतीं. वजन सरासरी २.७ किलोग्रॅम, तर सौदॅम्प्टनच्या बाळांचें ३.५. परंतु तीं नुसतीं बारीक नव्हतीं. मांस व स्नायु कमी, पण त्वचेखालचा मेद मात्र जवळजवळ राखलेला, असा त्यांचा घाट होता. वरून कृश, आंतून मेदुर.

याच गोष्टीचें एक चित्र सन २००४ मध्यें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकांत प्रसिद्ध झालें. डॉ. याज्ञिक व त्यांचे इंग्रज मित्र डॉ. युडकिन शेजारीं उभे आहेत. उंचीच्या मानानें वजनाचा अंक दोघांचाहि २२.३, पण शरीरांतील मेद युडकिन यांचा शेंकडा ९.१, आणि याज्ञिक यांचा २१.२. वजनकांट्यापुढें दोघे समान, आंतून मात्र दुपटीहून अधिक अंतर!

सुश्रुतानें प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक सहज, म्हणजे जन्मतःच आलेला, त्याचा रोगी कृश, आणि दुसरा अपथ्यानें झालेला, त्याचा रोगी स्थूल. पुण्याच्या संशोधनानें जणूं तिसराच रोगी दाखविला: दिसण्यांत कृश, असण्यांत स्थूल. आमच्या कुळांत असे कितीतरी आहेत. माझ्या हाताखालून गेलेले, काडीसारखे म्हणून वर्गांत चेष्टेचा विषय झालेले विद्यार्थी आज पस्तिशी-चाळिशींत भेटतात आणि खिशांतून मधुमेहाच्या गोळ्या काढतात. ‘मास्तर, मला कसा झाला?’ असें ते विचारतात. त्यांच्या घरीं तपासणी उशिरा होते, कारण बारीक माणसाला हा रोग होतो हें कोणाच्या ध्यानींमनींच नसतें.

उतार आहे

हें सर्व वाचून निराश होण्याचें कारण नाहीं. इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें डॉ. रॉय टेलर यांनीं सन २०११ मध्यें एक प्रयोग प्रसिद्ध केला. अकरा मधुमेही व्यक्तींना आठ आठवडे रोज केवळ ६०० उष्मांकांच्या आसपास आहार दिला. सात दिवसांतच उपाशीपोटींची साखर पूर्ववत् झाली. आठ आठवड्यांत स्वादुपिंडांतील मेदाचें प्रमाण शेंकडा ८ वरून ६.२ वर आलें, आणि झोंपी गेलेल्या बीटा पेशी पुन्हां वेळेवर इन्सुलिन सोडूं लागल्या. पुढें सन २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चांचणींत, ज्यांचा रोग सहा वर्षांच्या आंतला होता अशा स्थूल रोग्यांपैकीं वजन उतरविण्याचा उपाय केलेल्यांत, शेंकडा ४६ जण वर्षाअखेर औषधाशिवाय रोगमुक्तीच्या मर्यादेंत होते. सन २०२३ मध्यें तर फारशा स्थूल नसलेल्या २० रोग्यांवर हाच उपाय केला, त्यांतील १४ जणांस गुण आला. बारीक दिसणाऱ्यासहि आंतील अल्पसा मेद घालविल्यानें लाभ होतो, हें यावरून स्पष्ट होतें. मात्र असा कडक आहार वैद्याच्या देखरेखीवांचून, आणि विशेषतः गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असतांना, कोणीहि आपल्या मनानें करूं नये. साखर एकाएकीं उतरून प्राणावर बेतण्याचा संभव असतो.

कुटुंबांत काय करावें

पहिली गोष्ट, वाद डब्याचा न करतां मापाचा करावा. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेनें सन २०२४ मध्यें दिलेल्या सूचनांत, दिवसाच्या उष्मांकांपैकीं धान्यापासून मिळणारा भाग शेंकडा ४५ पर्यंत असावा असें म्हटलें आहे. आपल्याकडे तो बहुधा ५० ते ७० असतो. म्हणून भाताची एक वाढ कमी करून त्या जागीं उसळ, वरण व पालेभाजी वाढावी. साखर दिवसाकांठीं २० ते २५ ग्रॅमांवर जाऊं नये. दोन-तीन गोड चहांतच ती मर्यादा भरत येते.

दुसरी, रोजच्या स्वयंपाकास शेंगदाण्याचें किंवा तिळाचें तेल बेतानें वापरावें. एकाच तेलावर न राहतां आलटून-पालटून वापरणें चांगलें. चटणींत जवस असावें. गरम भातावर चमचाभर तूप घेण्यास निरोग्यास हरकत दिसत नाहीं. वनस्पति तुपानें मात्र एका काळीं आपल्या घरांत फार शिरकाव केला होता. ‘डालडा’ बाजारांत आलें तें सन १९३७ मध्यें. त्यांतील कृत्रिम रीतीनें बनलेल्या मेदाम्लांवर, हृदयास तीं घातक म्हणून, सन २०२२ पासून शेंकडा २ ची मर्यादा घालण्यांत आली आहे. तरी विकतच्या तळणांत कोणता स्नेह किती वेळां तापला, हें कोणास कळतें? दिवाळीचा फराळ घरीं करावा आणि दिवाळीपुरताच करावा.

तिसरी, वजनकांट्यावर विसंबूं नये. कमरेचा घेर मोजावा. आपल्याकडील पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटर व स्त्रियांचा ८० सेंटिमीटर यांच्या आंत असावा. ज्यांच्या आईवडिलांस मधुमेह आहे, त्यांनीं अंगानें कितीहि बारीक असले तरी तिशीनंतर रक्ताची तपासणी करून घ्यावी.

चौथी आणि सर्वांत स्वस्त गोष्ट म्हणजे चालणें. चरकानें प्रमेहाचीं कारणें सांगतांना दहीं, नवें धान्य आणि गुळाचे पदार्थ यांच्याहि आधीं बसण्याचें सुख आणि झोंपेचें सुख सांगितलें आहे. राबणारा स्नायु साखरहि जाळतो आणि मेदहि जाळतो. मग बेटांवरील त्या कारागिरांच्या डोक्यावरचें ओझें आपोआप उतरतें. आमच्या पनवेलींत तळ्यांना उणें नाहीं. रात्रीच्या जेवणानंतर कुटुंबानें मिळून तळ्याकांठीं फेरी घालावी.

स्नेह सोडावा असें शास्त्र सांगत नाहीं. तो कोणता, किती आणि कोणाच्या संगतीनें, याचा विवेक ठेवावा असें सांगतें. आणि वाढणाऱ्या मायमाउल्यांस एवढीच विनंति, कीं ‘आणखी थोडा घे’ या आग्रहांत जें प्रेम आहे, तेंच ‘आतां पुरे’ या शब्दांतहि असूं शकतें, हें मुलांस लहानपणापासून कळूं द्यावें.